सोनतुरा ऐकू येतो का?

हेइनाकोस्की, ९ नोव्हेंबर

प्रिय आयरी,

पाणबुड्या आला. काल सकाळी पुलाखाली, धबधब्याच्या कडेला त्याच्या नेहमीच्या दगडावर बसून गुडघे वाकवत होता. मग सरळ त्या काळ्या पाण्यात उतरला आणि पलीकडून अळी घेऊन वर आला. हा पक्षी दर हिवाळ्याला तुमच्या बाजूने येतो, स्वीडनहून, किंवा त्याही पलीकडून नॉर्वेच्या डोंगरातून. त्याला कुणी आमंत्रण देत नाही आणि मागच्या वेळी कोण काय बोललं हे तो मनात ठेवत नाही. टोमणा मारायला पत्र लिहायला बसलेले नाही हं मी.

बरं, थोडा आहे टोमणा. तू माझ्याशी बोलत नाहीस त्याला वर्ष होत आलं. फोन करून पाहिला असता, पण हल्ली फोनवर सगळ्यांचेच आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात. तारा बदलल्यापासून काहीतरी बिघडलंय. म्हणून पत्र.

लिहायला कारण असं की सान्नाची चिठ्ठी आली. तू तिला ओळखत नाहीस. जिल्ह्यातल्या हिवाळी पक्षिगणनेचं काम आता ती बघते. तिशीतली आहे, गोड बोलते. ती लिहिते की आजूबाजूच्या सगळ्या वाटांवर नाताळच्या गणनेत सोनतुरे सापडतात, फक्त आमच्याच वाटेवर गेले काही हिवाळे एकही नाही. मला आता विश्रांती घ्यावीशी वाटत असेल तर संकोच करू नका, असंही लिहिते. गावात एक तरुण जोडपं राहायला आलंय, त्यांना एखादी वाट हवी आहे.

विश्रांती! अगं, बाबांनी आखलेली वाट ती. लाकडाच्या गिरणीपासून निघायचं, धबधबा, चर्चमागची शेतं, मोठ्या खडकाजवळचं स्प्रूसचं रान आणि तलावाच्या काठाने परत. दर नाताळात तीच वाट, तोच वेग, जे दिसेल आणि जे ऐकू येईल ते लिहायचं. बाबांनंतर मी एकही नाताळ चुकवला नाही. ताप असताना गेले, मार्त्ती वारला आणि मी विधवा झाले त्या वर्षीसुद्धा गेले. घरात माणसं बसली होती आणि मी सुतार पक्षी मोजत होते, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला त्यानेच उभं ठेवलं. ही वाट हातातून गेली तर हिवाळ्यात मी करायचं काय? खिडकीत बसून मोजे विणायचे?

मी सान्नाला कळवलं, सोनतुरे नाहीत म्हणजे नाहीत. सोनेरी पट्टीचा तो एवढासा जीव, पत्राच्या पाकिटापेक्षा हलका. कडाक्याच्या थंडीत मरतात बिचारे.

हो, तू काय म्हणशील ते माहीत आहे मला. मागच्या नाताळात मोठ्या खडकापाशी म्हणालीसच. ‘ओरडतोय की तो! ऐकू येत नाही का तुला?’ तेवढ्यावर थांबली असतीस तर चाललं असतं. पण संध्याकाळी पक्षिमंडळाच्या घरात सगळे कॉफी पीत बसले होते, मी माझ्या वाटेचे आकडे वाचत होते, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, ‘केर्तूच्या यादीवर जाऊ नका, ती बहिरी झालीय.’ मग मीही म्हटलं की स्वीडनमध्ये राहून तुला नसलेले पक्षी ऐकू यायला लागलेत. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने तू गेलीस. तुझ्यासाठी बांधलेले वेलदोड्याचे बन टेबलावरच राहिले.

त्या खडकापाशी बाबा थांबायचे ते आठवतं? टोपीचे कान वर करायचे, हातमोजा उंच धरायचे आणि विचारायचे, ‘काय ऐकू येतंय?’ आपली परीक्षा असायची ती. तू नेहमी पहिली. ‘सोनतुरा!’ आणि बोट स्प्रूसच्या शेंड्याकडे. मग ते तिकडे बघत राहायचे, कितीतरी वेळ, आपले पाय गारठून जायचे. पक्षी दिसला की साखरेचा खडा. मला कधीच मिळाला नाही असं नाही, पण तुला जास्त मिळाले.

पहिला बर्फ पडला, पण टिकला नाही.

केर्तू


हेइनाकोस्की, २५ नोव्हेंबर

प्रिय आयरी,

तुझं पार्सल पोचलं. कॉफी. पुडा उलटा करून झटकला, मागचा कागद सोलून बघितला, चिठ्ठी कुठेच नाही. म्हणजे बोलायचं नाहीये, पण मी कॉफीवाचून राहू नये असं तुला वाटतं. ठीक आहे, मी यालाच पत्र समजते. तुमची कॉफी जरा जास्त भाजलेली असते. तरी पितेय.

तिच्यासोबत खायला बन करायला घेतले आणि पहिला घाणा करपला. ओव्हनची घंटा बिघडलीय, वाजतच नाही. तेवढ्यात इल्पो दार न ठोकता आत आला. इल्पो म्हणजे आपल्या दुकानवाल्या वेइयोचा धाकटा. दुकान बंद पडलं तेव्हापासून तो पन्नाशीतला गडी गावभर हिंडत असतो आणि कुणाच्या घरात काय शिजतंय ते त्याला अचूक कळतं.

‘केर्तू, घर पेटवायचा विचार आहे काय?’

‘घंटा बिघडलीय,’ मी म्हटलं.

‘कुठली घंटा?’

‘ओव्हनची.’

तो ओव्हनजवळ गेला, वाकला, मग माझ्याकडे बघितलं. ‘ही काय वाजतेय की. मी फाटकापासून ऐकतोय,’ म्हणाला आणि त्याने काहीतरी दाबलं. मला काही फरक कळला नाही. दुकानात असताना हा माणूस आतल्या गोदामातून पुढे कोण काय कुजबुजतंय ते ऐकायचा, म्हणून गावातल्या बायका पीठ घ्यायला गेल्या की फक्त हवामानावर बोलायच्या. तेव्हा त्याच्या बोलण्यावर किती जायचं ते तूच ठरव.

सध्या मजेत आहे मी. बर्फ आता बसलाय. सकाळी उजाडलं की थर्मास घेऊन निघते. शाळेमागच्या रोवनच्या झाडांवर शेंडीवाले पाहुणे उतरलेत, मोठा थवा. लाल फळं खाऊन फुगतात, फांदीवर बसल्या बसल्या एकमेकांना फळं देतात. तलावाच्या काठच्या बर्चवर काळे रानकोंबडे बसतात, कळ्या खुडत. मी उभी राहिले की तेही माना लांब करून उभे राहतात, मग कोण आधी कंटाळतं ते बघायचं. बहुतेक वेळा मीच, कारण त्यांना चहा प्यायचा नसतो.

काल इल्पोला बरोबर नेलं. पक्ष्यांचं त्याला काही नाही, पण कुणीतरी घरट्यांच्या पेट्या उतरवायला शिडी धरायला हवी होती. चर्चमागची पेटी उघडली आणि तो किंचाळला. आत उंदीर, गोठलेले, एकावर एक रचून ठेवलेले, वर दोन वल्गुल्याही, ते चिमणीएवढे पक्षी. पिटुकल्या घुबडाची कोठी. मुठीएवढं घुबड, पण हिवाळ्याचा साठा आपल्या आईसारखा करतं.

‘माझ्या दुकानात सुद्धा एवढा माल नव्हता,’ इल्पो म्हणाला. मग शिडीवरून न उतरताच त्याने रानाकडे तोंड केलं. ‘तिकडे काहीतरी चरचरतंय. बर्फावरच्या ढकलगाडीला तेल नसलं की करते तसं.’

‘कुठे?’

‘त्या झाडांत. बारीक. आता थांबलं.’

‘वल्गुली असेल,’ मी म्हटलं. पण मनातून मला ते आवडलं नाही. बर्फावरच्या ढकलगाडीसारखं असं लहानपणी तू कुणाबद्दल म्हणायचीस ते मला माहीत आहे.

केर्तू


हेइनाकोस्की, १३ डिसेंबर

आयरी,

आज तुमच्याकडे सण, पोरी डोक्यावर मेणबत्त्या लावून फिरत असतील. मी एकटीनेच एक लावली आणि तुला लिहायला बसले.

मोठ्या खडकापाशी गेले होते. दुपारचं तांबूस ऊन होतं, वारा नव्हता. झाडांवरून बर्फाची भुकटी हळूच खाली येत होती. मी खडकाला टेकून उभी राहिले आणि वल्गुल्यांचा एक घोळका रानातून सरकत माझ्याजवळ आला. त्यांच्यात एक सोनतुरा होता. सोनेरी पट्टी, मध्ये केशरी रेघ. मेलेला नव्हता, अगदी धडधाकट. माझ्या डोक्यापासून हात पुरेल एवढ्या अंतरावर स्प्रूसच्या टोकाशी येऊन पंख फडफडत राहिला, मग बसला, माझ्याकडे बघितलं आणि ओरडला.

चोच उघडली, गळा थरथरला. पुन्हा उघडली. मला काहीही ऐकू आलं नाही.

क्षणभर मला वाटलं, पक्षीच मुका आहे. खरंच वाटलं, हस हवं तर. मग तो पुन्हा ओरडला, शेपटीसुद्धा हलली त्या जोराने, आणि रान तसंच शांत. आयरी, मी रडले. थंडीत रडू नये, पापण्या चिकटतात, तरी रडले. तो जिवंत होता म्हणून आनंदही झाला होता, दोन्ही एकदमच. इतके हिवाळे मी त्यांना मेलेलं लिहीत होते आणि ते माझ्या डोक्यावर बसून बोलत होते.

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रात गेले. एका काचेच्या खोलीत बसवून त्या मुलीने कानावर यंत्र लावलं आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. मी दाबत होते, छान चाललं होतं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मी म्हटलं, ‘बाई, यंत्र बंद पडलं वाटतं.’

ती काचेपलीकडून म्हणाली, ‘नाही केर्तू, चालू आहे.’

ओव्हनची घंटा बिघडलेली नाही. फोनच्या ताराही ठीक आहेत.

केर्तू


हेइनाकोस्की, १९ डिसेंबर

प्रिय आयरी,

कानात आता दोन शेंगदाणे बसवून मिळालेत. पहिल्या दिवशी घरात शिरले आणि कुणीतरी घरात आहे असं वाटलं. फ्रिज होता. तो गुरगुरतो हे मला ठाऊकच नव्हतं. बर्फावर चालताना माझे बूट एवढा आवाज करतात की एखादा एल्क मागून येतोय असं वाटून मी दोनदा वळून बघितलं. वर्तमानपत्र उलटलं तर कडाड असा आवाज. आणि इल्पो राईची कडक भाकरी खातो तेव्हा काय होतं ते विचारू नकोस. मी यंत्रं काढून खिशात घातली.

‘मी काय म्हणतोय ते ऐकू येत नाही ना आता?’ त्याने विचारलं.

‘नाही.’

‘मग उत्तर कसं दिलंस?’

‘तुझं तोंड बघून. त्यात भाकरी होती.’

पण सगळं ऐकू येत असूनही सोनतुरा नाही येत. मी रोज खडकापाशी जाते, यंत्रं लावून, वाढवून. वल्गुल्या आता पुष्कळ स्पष्ट येतात, सुतार पक्षी तर डोक्यातच ठोकतो. सोनतुरा चोच उघडतो आणि मिटतो, बस. त्या मुलीने आधीच सांगितलं होतं, काही सूर इतके बारीक असतात की कानाच्या हद्दीबाहेर गेले की परत आणता येत नाहीत.

म्हणून आता सरळ विचारते. पहिल्या पत्रापासून हेच विचारायचं होतं, पाणबुड्याचं निमित्त केलं. नाताळनंतर गणनेला येशील का? बन मी करते, साउना तापवते, तू फक्त खडकापाशी उभी राहून ऐक. मोठ्या तोंडाने बहिरी म्हणाली होतीस ना, मग तुझे कान चांगले आहेत. मी तुझ्या बोटाकडे बघेन, लहानपणी बाबा बघायचे तशी. तू नाही आलीस तर मला सान्नाला वाट सोडते म्हणून कळवावं लागेल. अर्धी ऐकलेली वाट मी चालणार नाही.

आणि वाट नसती तरी बोलावलंच असतं. तू आलीस तर बरं वाटेल मला.

केर्तू


हेइनाकोस्की, २९ डिसेंबर

आयरी, आयरी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा उभी राहून, दुसऱ्यांदा बसून, तिसऱ्यांदा एवढी हसले की इल्पो बाहेर बर्फ काढत होता तो फावडं टाकून आत आला.

‘कोण मेलं?’

‘कुणी नाही. माझी बहीण बहिरी आहे!’

‘म्हणून हसतेस?’

आता काय सांगू त्याला? तू लिहिलेलं वाचून दाखवलं, रागावू नकोस. तू लिहितेस, ‘केर्तू, मागच्या वर्षी मीही तो ऐकला नव्हता. मला तो दिसला. फांदीच्या टोकाशी पिवळी पट्टी आणि उघडी चोच. सोनतुरा ऐकून मला जमाना झाला. कारखान्यात आयुष्यभर मोटारींचे पत्रे ठोकणाऱ्या यंत्राशेजारी उभी होते, आमच्या वेळी कानात कापूस घालून काम करायचो. आवाज बारीक होत गेले आणि मी कुणाला सांगितलं नाही. आपल्या घरात कान माझे होते ना. बाबांची साखर मला मिळायची. मग खडकापाशी तुझा चेहरा बघितला आणि कळलं की तुलाही येत नाही. आधी मला एवढं बरं वाटलं की काय सांगू, आणि त्या बरं वाटण्याची मला एवढी लाज वाटली की संध्याकाळी तोंडातून ते निघून गेलं. मी बहिरी आहे असं म्हणायच्या ऐवजी ती बहिरी आहे असं म्हणाले. बन राहिले ते बसमध्ये आठवलं.’

पुढे तू लिहितेस की यायचं होतं, पण येऊन काय उपयोग, मला ऐकायला पाहिजे ते तुझ्याकडेही नाही.

अगं वेडे! दोन बहिऱ्या बायका एका आवाजावरून भांडल्या, तेही भर मंडळासमोर, आणि वर्षभर अबोला धरून बसल्या. मी म्हणाले आवाज नाही, तू म्हणालीस आहे, आणि ऐकला दोघींनीही नव्हता. हे ऐकून इल्पो हसला नाही. कॉफी ओतून घेतली आणि विचार करून म्हणाला, ‘म्हणजे ती ढकलगाडी तोच पक्षी होता.’

मग त्याला वाटेचं सगळं सांगितलं. सान्ना, तरुण जोडपं, कान. तो म्हणाला, ‘चरचर मला ऐकू येते. पण तो कोण ते मला ओळखता येणार नाही. माझ्यासाठी सगळे चिमण्याच.’ मी सान्नाला फोन केला, यंत्रं लावून. तिचा आवाज आता पाण्याबाहेर आलाय. विचारलं की ऐकणारा एक आणि ओळखणारी दुसरी असं चालतं का. ती म्हणाली, अर्ध्या जिल्ह्यात तसंच चालतं, नवरे ऐकतात आणि बायका ओळखतात, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. एकट्याने चालायचं असा नियम कुणी केला? कुणीच नाही, मीच धरून बसले होते.

इल्पो दिवसाला दोन बनांवर तयार झालाय. उद्या निघतोय.

तुझीच केर्तू


हेइनाकोस्की, ३ जानेवारी

प्रिय आयरी,

गणना झाली. सविस्तर सांगते. तू तिथे नव्हतीस तरी होतीसच, कारण मी वाटभर तुझ्याबद्दल बोलत होते. शेवटी इल्पो म्हणाला, ‘मला ऐकायला आणलंय ना? मग गप्प राहा की.’

उजाडताना गिरणीपासून निघालो. गारठा बऱ्यापैकी, आभाळ स्वच्छ. धबधब्यावर पाणबुड्या दगडावर उभा राहून गात होता. भर थंडीत, पाण्याच्या खळखळाटाच्या वर, आणि मला ऐकू आला, अख्खा. इल्पोला तो आवडला. ‘हा गातो छान, पण कपडे मात्र वेटरसारखे घातलेत,’ म्हणाला. चर्चमागे पिटुकलं घुबड तारेवर बसून आमच्याकडे रागाने बघत होतं, त्याला वाटलं असणार आम्ही कोठी लुटायला आलोय. शेतात सशाच्या उड्या, त्यांवरून कोल्ह्याची सरळ रेघ, आणि पुढे दोघांच्या खुणा वेगवेगळ्या दिशांना गेलेल्या, म्हणजे ससा सुटला. बरं वाटलं ते वाचून. इल्पो खुणा बघत माझ्या आधी पुढे जायला लागला. पक्ष्यांचं त्याला काही नाही म्हणे!

मग मोठा खडक.

तिथे पोचलो, मी टोपीचे कान वर केले आणि न ठरवता माझा हात वर गेला, हातमोज्यासकट. आणि मी विचारलं, ‘काय ऐकू येतंय?’

माझा आवाज मलाच बाबांसारखा वाटला. तोच सूर, शेवटी जरा वर जाणारा.

इल्पो म्हणाला, ‘चरचर. त्या दोन झाडांच्या मध्ये, वर.’ आणि बोट दाखवलं. मी दुर्बीण लावली आणि बघत राहिले, बघत राहिले. तो पाय आपटत होता, त्याचे गारठले असणार. शेवटी फांदीच्या टोकाशी सोनेरी पट्टी हलली. एक, मग दुसरा. दोघं होते.

आयरी, तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाबा त्या गिरणीत पोरवयापासून करवतीशेजारी उभे होते. आई जेवायला हाक मारायची तेव्हा ते वळायचे नाहीत, आणि ती खांद्याला हात लावायची. आपल्याला वाटायचं, विचारात असतील. अगं, ती आपली परीक्षा नव्हतीच. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते आपल्याला विचारायचे, तू बोट दाखवायचीस, आणि मग ते तिकडे बघत राहायचे, दिसेपर्यंत, कारण दिसल्याशिवाय ते लिहिणार नव्हते. तू सांगितलेला पक्षी खरंच तिथे निघाला की त्यांचा चेहरा कसा व्हायचा आठव. मला वाटायचं, आपलं उत्तर बरोबर आलं म्हणून ते खूश होतात. माणूस सोनतुरा दिसला म्हणून खूश व्हायचा, पोरीच्या कानांनी मिळालेला.

साखर म्हणजे बक्षीस नव्हतंच गं. आपल्या कानांची मजुरी होती.

मी तिथे खडकाला टेकून हे सगळं इल्पोला सांगितलं. त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, ‘मग माझी साखर कुठाय?’ खिशात नव्हती, म्हणून एक बन जास्त दिला. म्हणाला, तुझ्या बापाचा भाव स्वस्त होता.

सान्नाला यादी पाठवली. आमच्या वाटेवर सोनतुरे आहेत. नाव केर्तू आणि इल्पो. तिने लगेच उत्तर दिलं की वाट तुमचीच, त्या जोडप्याला ती तलावाची पलीकडची बाजू देतेय. मी जोडप्याला बन घेऊन भेटून आले, बरी माणसं आहेत, फक्त फार बोलतात.

आता तुझं. फेब्रुवारीच्या शेवटी पुन्हा गणना असते, वसंताआधीची. तोवर दिवस मोठा झालेला असतो, बर्फावर ऊन पडतं, आणि दुपारी खडकापाशी बसून कॉफी पिता येते. तू ये. उपयोग काय, असं पुन्हा लिहू नकोस. डोळे आहेत तुझ्याकडे, माझ्यापेक्षा चांगले. पिवळी पट्टी मागच्या वर्षी तूच पाहिलीस, मी नाही. आपण दोघी खडकापाशी उभ्या राहू, हातमोजे वर करू आणि इल्पोला विचारू. मग दोघींनी मिळून बघू, कोणाला आधी दिसतो ते.

आणि बस पकडायच्या आधी बन घेतल्याशिवाय जायचं नाही.

तुझी
केर्तू

ता. क. इल्पो विचारतोय की तू आलीस तर त्याला एका बहिणीमागे दोन बन की दोघींत मिळून दोन. मी सांगितलं, साखरही मिळेल. तुमच्याकडची चौकोनी खड्यांची मिळते ना, ती एक पुडी घेऊन ये.